देवी पेन्शनीत गेली

बसलिंगअप्पांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही. दंड राहतो.

लातूरच्या एसटी स्टँडवर कुणी "शरणार्थ अप्पा" म्हणत समोर आलं की हे आधी त्याची डावी बाही वर सरकवतात, दंडावरचे देवीचे वण बोटानं चाचपतात आणि मग ओळख देतात. "हां! तू निलंग्याकडचा. शाळेच्या पडवीत टोचला होता तुला. लई बोंबललास." समोरचा माणूस चाळिशीचा, भरघोस मिशीचा, सोबत सासुरवाडीची मंडळी. तो बिचारा बाही खाली करत म्हणतो, "असंल अप्पा, असंल."

पुतण्यासाठी मुलगी बघायला एकदा त्यांनाच पाठवलं होतं. परत आल्यावर भावाच्या घरच्या बायकांनी घेरलं. मुलगी कशी आहे?

"एक नंबर. दंडावर दोन वण, गोल, कडा साफ. टोचणी चांगली पिकलेली हाय."

"आवो, रंगानं कशी हाय?"

"ते बघायचं राहिलं."

लग्न झालं, संसारही उत्तम चालला आहे. त्यावरून अप्पा जो निष्कर्ष काढतात, तो ते कुणालाही, न विचारता, सांगतात.

नवा जिल्हा झाला तेव्हा दुकानदारांनी पाट्यांवरचं "जि. उस्मानाबाद" खरवडून "जि. लातूर" रंगवून घेतलं. कचेऱ्या आल्या, खुर्च्या आल्या, खुर्च्यांत बसायला परमुलखातले साहेब आले. अशा एका साहेबांच्या सत्काराला अप्पा हार घेऊन गेले. साहेब अर्ध्या बाहीच्या शर्टात होते. अप्पांनी हार घातला आणि तसाच दंड धरून म्हणाले, "साहेब, हे आमच्या भागातलं काम न्हाई. हात थरथरलाय टोचणाऱ्याचा." साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा दंड नीट पाहिला असावा.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. देवी नावाचा एक रोग होता. अंगभर फोड यायचे. माणूस मरायचा, आंधळा व्हायचा किंवा तोंडावर खड्डे घेऊन जगायचा. देवीआई, म्हणजे लोकांच्या तोंडची 'बाई', कोपली की तो येतो, असं लोक मानत. म्हणून रोगाचं नाव देवी, आणि तो होऊ नये म्हणून दंडावर टोचणाऱ्या सरकारी माणसाचं नाव देवीडॉक्टर. अप्पा असे देवीडॉक्टर होते. निजामाचं राज्य गेल्यावर थोड्याच दिवसांत नोकरीला लागले आणि मुखेडपासून औशापर्यंत पायी, सायकलवर, बैलगाडीत फिरून तीन पिढ्यांचे दंड त्यांनी टोचले. मग देवीच संपल्या. जगातून संपल्या. सरकारनं अप्पांना आरोग्यसेवक असं नवं नाव दिलं आणि हिवताप, हगवण, गोवर अशी किरकोळीची गिऱ्हाइकं त्यांच्याकडे सोपवली. "किरकोळी" हा शब्द त्यांचाच.

मी त्यांच्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आलो ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. बायको गेल्यापासून अप्पा तिथं एकटेच राहत आणि खानावळीत जेवत. टँकर चार दिवसांनी यायचा. अप्पा टँकरच्या नळाला तोंड लावायच्या आधी नाक लावत. पाण्याला टीसीएल, म्हणजे जंतू मारणाऱ्या पावडरचा वास आला तर चेहरा खुलायचा. "वास येतोय? मंग प्या बिनघोर." नाही आला तर टँकरवाल्याला खाली उतरवून पावडर टाकायला लावत, आणि अर्धा तास झाल्याशिवाय एकाही बाईला घागर भरू देत नसत. बायका शिव्या देत. अप्पा घड्याळ बघत उभे. हॉटेलातल्या चहालासुद्धा ते हुंगून बघत. एकदा चहाला पावडरचा वास आला, तेव्हा मालकाची पाठ थोपटली त्यांनी.

मला सर्दी झाली म्हणून मी गोळी घ्यायला निघालो, तर अप्पांनी दारातच अडवलं. "कामून घाई करता? अंग हुशार हाय, माणूस येडा हाय." हे त्यांचं ब्रीद. दिवसातून पाच वेळा तरी ऐकू यायचं. शिंक म्हणजे अंगानं पाव्हण्याला दिलेली लाथ. ताप म्हणजे अंगातली दवंडी: गावात चोर शिरलाय, तरणे गडी काठ्या घेऊन चावडीवर या. जखमेतला पू म्हणजे त्या मारामारीत मेलेले दोन्हीकडचे गडी. आणि लस?

"लस म्हंजी चोराचा फोटू. पोलीस ठाण्यात लावलेला असतो का न्हाई? चोर आलेलाच नसतो, पण शिपाई तोंड वळखून ठेवतो. अंगालाबी तसाच फोटू दाखवायचा. एकदा बघितलं की अंग जन्मभर इसरत न्हाई. माणूस आईबापाला इसरतो, पण अंग चोराला इसरत न्हाई."

"हगवणीचा फोटो का नाही काढत मग?"

"ती दर खेपेला येगळं तोंड घेऊन येती. तिच्यासाठी दारच बंद करावं लागतं. म्हणून तर पावडर."

विज्ञानाची जाडजूड पुस्तकं वाचलेल्या माझ्या मित्रांनी हे ऐकून माना हलवल्या. चूक सापडली नाही.

माझं म्हणाल तर आमच्या घरात पंचांग नव्हतं, पत्रकं होती. वडील गिरणी कामगारांच्या सभांतून गठ्ठे घेऊन यायचे. मी अक्षरं शिकलो ती त्यांवर. माणूस अज्ञानामुळे मरतो, अज्ञान छापील शब्दानं मरतं, हे मला वयाच्या दहाव्या वर्षीच पक्कं ठाऊक होतं. लातुरात मी एका छापखान्यात प्रुफं तपासायचो आणि उरलेल्या कागदावर आमच्या युवक मंडळाची पत्रकं काढायचो. अप्पा मला "पत्रकराव" म्हणत.

त्या उन्हाळ्यात औशाच्या पलीकडे गोवर पसरला. दुष्काळात पोरांच्या अंगात आधीच काही उरलेलं नव्हतं. एका गावात दोन पोरं गेली. गोवराची लस नुकतीच हातात आली होती, पण गावं टोचून घ्यायला तयार नव्हती. मी पेटलो. एका बैठकीत पत्रक लिहिलं, छापलं, आणि मित्रांनी ते औशाच्या बाजारात वाटलंसुद्धा. मथळा ठळक होता:

"देवीला पृथ्वीवरून हाकलले! आता गोवराची पाळी!"

अप्पांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. "पत्रकराव, ह्यात रोग हा शब्द कुठं हाय?"

"देवी म्हणजे रोगच की. सगळ्यांना कळतं."

"तुम्हाला कळतं," एवढंच म्हणून त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

चार दिवसांनी ते म्हणाले, "कारळवाडीला चला माझ्यासंगं. तुमचा कागद तिथं पोचलाय."

कारळवाडी म्हणजे औशापासून आत पन्नासेक घरं. पोरं गेली ते गाव ओढ्याच्या पलीकडेच. तिथल्या नर्सबाईंची जागा रिकामी, म्हणून बर्फाचा डबा अप्पांच्या खांद्याला, आणि काचेच्या सिरिंजा उकळायचा स्टोव्ह माझ्या हातात. वेशीवर लिंबाखाली देवीचं ठाणं: शेंदराचा दगड, पुढे दोन नारळाच्या करवंट्या. तिथं सगळी वाडी जमली होती. मधोमध काशीबाई, ठाण्याची पुजारीण. लहानपणी तिला देवी आलेल्या. तोंडभर खड्डे आणि एक डोळा पांढरा.

"ह्या कागदात लिवलंय," एक म्हातारा माझं पत्रक नाचवत म्हणाला, "देवीला हाकलून दिली म्हनून. मंग पाऊस कशाला थांबंल? त्योबी गेला तिच्यामागं!"

"कुनी लिवलंय ह्ये?" काशीबाईनं विचारलं.

"ह्यांनी," अप्पा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. क्षणाचाही विलंब नाही.

मी पुढे झालो. देवी हा विषाणूजन्य रोग आहे इथून सुरुवात केली आणि वैज्ञानिक दृष्टिकोनापर्यंत पोचलो, तोवर दोन बायका पोरं काखेत मारून घराकडे वळल्या होत्या. डब्यातला बर्फ वितळत होता. लस उघड्यावर टिकत नाही. बर्फ संपला की ती नुसतं पाणी.

अप्पांनी चपला काढल्या आणि ठाण्यापुढे मातीत मांडी घातली.

"काशीबाई, ह्ये पोरगं शिकलेलं हाय, पण ह्याला सरकारी भाषा येत न्हाई. देवीला कुनी हाकललं न्हाई. देवी पेन्शनीत गेली."

"म्हंजी?"

"काम संपलं तिचं. आता घरोघर हिंडायचं न्हाई, कुनाच्या पोराला हात लावायचा न्हाई. जाग्यावर मानानं बसायचं. मीबी पुढल्या साली जानार की."

काशीबाईनं एका डोळ्यानं त्यांना जोखलं. "आन् तिच्या जागी कोन आलं?"

"जागा रिकामी हाय. सरकारनं भरली न्हाई."

वाडी खदखदून हसली. नव्या जिल्ह्यात रिकाम्या जागा कुणाला ठाऊक नव्हत्या? तलाठी रिकामा, मास्तर रिकामा, नर्स रिकामी. देवीचीही जागा रिकामी असणार, हे त्यांना लगेच पटलं.

"आन् पेन्शन कोन देनार तिला?" मागून कुणीतरी विचारलं.

"तुम्ही. निवद देताव न्हाई का दरसाल? तेच."

"मंग पावसाचं काय?"

"ते खातं माझ्याकडं न्हाई," अप्पा म्हणाले. "माझ्याकडं गोवर हाय. तो अजून नोकरीत हाय, आन् वढ्यापल्याड येऊन बसलाय. पोरांच्या अंगाला त्याचा फोटू दाखवू द्या, एवढंच मागून राहिलोय."

काशीबाई उठली. घरातून दोन वर्षांची नात घेऊन आली. सोनी तिचं नाव. "हिला आधी टोचा. काय व्हायचं ते माज्या घरात व्हईल. बाकीच्यांनी बगावं."

अप्पांनी सोनीचा दंड कापसानं पुसला. सुई टोचायच्या आधी काशीबाईला म्हणाले, "आठव्या-नवव्या दिवशी हिला ताप यील. अंगावर दोन-चार पुरळबी उठतील. तो चोराचा ताप न्हाई, शिपायाचा हाय. ध्यानात ठेवा." सोनी किंचाळली. तिच्यामागे रांग लागली, आणि बर्फ संपायच्या आत वाडीतलं एकही पोर टोचायचं राहिलं नाही.

परतताना बसमध्ये मी भांडलो. तुम्ही अंधश्रद्धेला खतपाणी घातलंत, खोट्यावर उभं केलेलं आरोग्य टिकत नसतं, असं बरंच काही. अप्पा खिडकीतून बघत होते.

"खोटं काय बोललो सांगा. काम संपलं का न्हाई तिचं?"

"संपलं, पण..."

"जागा रिकामी हाय का न्हाई?"

माझं म्हणणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. पण त्या दिवशी पोरं टोचली गेली ती माझ्या म्हणण्यानं नाही, हेही खरं.

आठव्या दिवशी रविवार होता. सकाळीच अप्पा पाण्याचा कॅन आणि खानावळीतल्या दशम्यांचं फडकं घेऊन निघाले. मी विचारलं, सुटीच्या दिवशी कुठं?

"कारळवाडीला. ताप आला असंल."

"पण तो येणारच होता. तुम्ही सांगितलंय त्यांना."

"सांगून भागत न्हाई, पत्रकराव. टोचनारा पळून गेला की ताप देवीचा होतो. टोचनारा दारात बसलेला दिसला की ताप सुईचा ऱ्हातो."

मीही निघालो. कॅन कशाला, ते तिथं गेल्यावर कळलं. कपाळावर घड्या ठेवायला पाणी लागतं, आणि दुष्काळात कुणाच्या रांजणाला हात लावायचा नाही आणि टोचलेल्या गावात जेवायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

काशीबाईच्या दाराला लिंबाचा ढाळा लावलेला होता, ताप-पुरळ आलेल्या घरी लावतात तसा. आत सोनी तापानं फणफणत होती, छातीवर बारीक लाल पुरळ. अप्पा उंबऱ्याच्या आत बसले, धोतराचा सोगा फाडून भिजवला आणि तिच्या कपाळावर ठेवला.

"ताप कुनाचा?" काशीबाईनं विचारलं.

"माझा."

"तुमचा हाय तर सांगा, कवा उतरंल?"

अप्पांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "ठाऊक न्हाई. दोन दिसांत उतरावा. पन अंग तिचं हाय. शिकायला किती टाइम लागतो ते तिचं अंगच जाणे."

मी बाहेर आलो. अंगणापलीकडे बायका घोळक्यानं उभ्या होत्या. एका तरुण बाईच्या काखेत पोर होतं, तेही तापलेलं. मी म्हटलं, घाबरू नका, हा लसीचा ताप आहे.

"तुमी म्हनताव," ती म्हणाली. "आमी सांजच्याला बगू."

"सांजच्याला काय?"

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आवो, घरात बाई आल्या की फोडनी देत न्हाईत. तेल तापवायचं न्हाई, मिरची जाळायची न्हाई. बाईला सोसत न्हाई. काशीबाईच्या घरी सांजच्याला फोडनी पडली तर सुईचा ताप. न्हाई पडली तर बाईच आल्या. मंग आमी आमची पोरं झाकून ठेवू आन् शेजारच्या गावांस्नी निरोप धाडू, कुनी टोचून घिऊ नगा म्हनून."

म्हणजे आजूबाजूच्या गावांतली शेकडो पोरं एका म्हातारीच्या चुलीवर येऊन थांबली होती. मी धावत आत गेलो आणि अप्पांच्या कानात हे सांगितलं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "तिला काय बोलू नका."

दिवसभर त्यांनी घड्या बदलल्या. मध्येच उठून तापलेल्या पोरांच्या घरी जाऊन यायचे, परत उंबऱ्यात. देवीडॉक्टर, फोटो, शिपाई, कशाचंच नाव नाही. दशम्यांचं फडकंसुद्धा सोडलं नाही. पाण्याचा कॅन अर्ध्यावर आला. सोनीचा ताप होता तसाच होता.

उन्हं कलली तशी काशीबाईनं चूल पेटवली. परातीत पीठ मळलं. भाकरी थापायचा आवाज येऊ लागला. बाहेर वाडी चिडीचूप. भाकरीचं काय, ती बाई आल्यावरही थापतात.

तीन भाकऱ्या झाल्या. काशीबाई उठून सोनीजवळ आली, गालाला हात लावला. तापलेलाच. मग तिनं अप्पांकडे पाहिलं.

"सकाळधरनं बसलाव. पोटात काय गेलंय?"

"दशमी हाय संगं."

"ती वाळली असंल."

ती चुलीपाशी गेली. कोनाड्यातली तेलाची बाटली काढली, कढईत थोडं तेल सोडलं. अप्पांनी डोळे मिटले.

मोहरी तडतडली. मग मिरची पडली, आणि चर्रर्र करून पिठल्याचं कालवण कढईत गेलं. ठसका घरभर झाला. सोनी तापातच शिंकली. मग शेजारच्या घरातून तसाच चर्र आवाज आला, मग त्याच्या पलीकडच्या. हां हां म्हणता सगळ्या वाडीला खमंग वास सुटला. काखेत पोर घेतलेली ती तरुण बाई अंगणातून हसत पळत घरी गेली, तिचीही चूल अडली होती.

मला ओरडावंसं वाटत होतं. "अप्पा, जिंकलात!" मी म्हणालो. "आता उठा, बस गाठू."

काशीबाईनं ताट पुढे ठेवलं होतं. टोचलेल्या गावात न जेवणारे अप्पा ताटासमोर बसले होते, पण हात चालत नव्हता.

"आवाज ऐकला का, पत्रकराव?"

"ऐकला की. सगळ्या वाडीनं ऐकला."

"आमच्या घरी नऊ वर्सं झाली. फोडनी न्हाई."

काशीबाईचा हात तव्यावर थांबला. "आगं बया! नऊ वर्सं? तुमच्या घरी बाई आल्यात का काय, डागदर?"

"आली म्हनून न्हाई," अप्पा म्हणाले. "गेली म्हनून."

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि मान खाली घालून जेवू लागले. काशीबाईनं तव्यावरची भाकरी उलटली, आणि परातीत आणखी एकीचं पीठ ओढलं.